मास्तरचे लाडके बदमाश

"हिरो लिवाले अक्कल नाही लागत बाबू, त्याच्या गळ्यात घालाले हार लागते. अक्कल लागते ते बदमाशाले."

हे नीळकंठ मास्तरचं आवडतं वाक्य. ते बोलताना तो माझ्याच छपरीत, माझ्याच खाटेवर बसून, माझ्याच बायकोनं केलेला चहा बशीत ओतून फुंकत असायचा. बदमाश कोण आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. पण बशी तोंडाला लावलेल्या माणसाला उठवायची रीत आमच्याकडे नाही, म्हणून बारा वर्षं त्याचं फावलं.

आमचं गाव दिघोरीपासून दोन कोसांवर. मी तिथला डाकबाबू. घराच्या ओट्यावर लाल पेटी टांगलेली, आत एक टेबल, एक ठप्पा आणि शाईची गादी, एवढंच पोस्ट. मास्तर मूळचा आमच्याच गावचा, माझ्या बरोबरीचा, पण नोकरी तिकडे मोहाडीकडच्या एका खेड्यात. दिवाळीची सुट्टी लागली की भंडाऱ्याला बस बदलून, धुळीनं भुरा होऊन तो संध्याकाळी माझ्या दारात उभा राहायचा. बगलेत नाटकाची वही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. आमच्या मंडईचं नाटक मास्तर लिहायचा. दहा गावचे लोक बंड्या जुंपून यायचे ते त्याचे बदमाश पाहायला. हिरोचं नाव घरी जाईपर्यंत कोणाला आठवत नसे.

दारात उभा राहून तो आधी पाणी मागायचा. "बाबू, पाणी दे बापा. जीव सुकून गेला." दरवर्षी मी ठरवायचो की यंदा याला सांगायचं, गड्या, तुझं घर समोर आहे. आणि दरवर्षी माझ्या हातानं मी त्याला तांब्या द्यायचो.

कारण त्याचं घर खरंच समोर होतं. मध्ये बैलबंडी जाईल एवढी गल्ली. त्या घरात भागरथाबाई राहत, त्याची लग्नाची बायको. दीड एकर धानाची बांधी, एक गाय आणि चार कोंबड्या, एवढ्यावर त्या एकट्या संसार ओढत. मास्तरची मोहाडीकडे बदली झाली तेव्हा तो त्यांना सांगून गेला होता, "घर भेटलं की कारड टाकतो, मंग येऊन नेतो. पेटी भरून ठेव." त्यांनी पेटी भरली. दर बुधवारी दिघोरीहून डाक यायची, आणि दर बुधवारी भागरथाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. पदर सावरून विचारायच्या, "भाऊजी, कारड आलं का?" मी म्हणायचो, "नाही वहिनी. येईल." हे दीड वर्ष चाललं, त्यात मास्तर एकदाही गावाकडे फिरकला नाही. मग एका मंडईला पाहुण्यांकडून गावभर झालं की मास्तरनं तिकडे दुसरी केली आहे आणि तिला पोरगाही झाला आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला सांगायची नव्हती. ही बातमी मला तीन महिने आधी कळली होती. तरी बारा बुधवार मी "येईल" म्हणालो. बाई आधीच खचलेली, तिला कशाला सांगायचं, असं मनाला समजावत होतो. बघा, मीही कारणं देऊ लागलो. मास्तरची संगत, दुसरं काय.

दुसरी केल्यावर यानं खरं तर तोंड लपवायला पाहिजे होतं. पण मंडईच्या मंडळींनी नाटक मागितलं आणि हा गडी वही घेऊन हजर. पहिल्या वर्षी गावात थोडी कुजबुज झाली. चौथा अंक संपेस्तोवर कुजबुजणारेच डोळे पुसत होते. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. आमच्या लोकांना रडवलं की सगळं माफ.

तो दिसायला काही नव्हता. काडीसारखे पाय, धोतर नेहमी एका बाजूनं खाली, आणि वर बारमाही एक काळा कोट. कोटाच्या खिशात हिरव्या शाईचा पेन. लिहिताना ओठ हलायचे आणि मध्येच बदमाशाच्या आवाजात खाकरायचा. आमची गाय दचकायची.

लिहिण्याची त्याची पद्धत मात्र ऐकण्यासारखी होती. नाटकातल्या बदमाशानं केलेलं काम तो आधी खरी बातमी म्हणून गावात सोडायचा. न्हाव्यापुढे बसून सांगायचा, "आमच्या तिकडे एका माणसानं सख्ख्या भावाचं घर पेटवून देलं." बसलेले चारजण म्हणायचे, "हलकट." मग हा एक कारण जोडायचा. लोक म्हणायचे, "तरी पण." मग दुसरं कारण, मग तिसरं. आईनं ताट वाढताना कसा दुजाभाव केला, भावानं भर पंगतीत काय म्हटलं, असं चढवत जायचा. शेवटी कोणीतरी मान हलवून म्हणायचा, "बिचारा." की हा उठलाच. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून छपरीत येऊन लिहायला बसायचा. कोणत्या पापाला किती कारणांनी "बिचारा" येतो, ते त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवलं होतं. भावाचं घर पेटवणाऱ्याला चार. देवळातली मूर्ती विकणाऱ्याला पाच. बायको टाकणाऱ्याला एक. तेही पुरं सांगायची वेळ आली नव्हती, न्हावी आधीच बोलून मोकळा झाला होता.

ते पान मी पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. तो हसला. म्हणाला, "माह्यावर काहून चिडतो? मी त फक्त इचारलं. बोलले ते लोक."

दुसरी युक्ती पाण्याची. "बदमाशाले पहिल्याच प्रवेशात पाणी मागू द्याचं," तो म्हणायचा. "ज्याले आपल्या हातानं पाणी पाजलं, त्याले मंग आपल्याच्यानं शिव्या देववत नाही. बाकी सगळं नंतर." हे ऐकून मी हातातला तांब्या खाली ठेवला होता, चांगलं आठवतं. त्याला काही वाटलं नाही. तो आपल्याच युक्तीवर खुश होऊन पानाला चुना लावत बसला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग आहे तर त्याच्या नाटकाच्या नकला तू कशाला करून देत होतास? नक्कल म्हणजे एकेका पात्राची वेगळी वही. त्याची भाषणं तेवढी पूर्ण, आणि आधी बोलणाऱ्याचे शेवटचे तीन-चार शब्द. माझं अक्षर बरं, गावाची चिठ्ठीपत्री मीच लिहायचो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. आणि खरं सांगू का, लेकाचा लिहायचा झकास. त्याचा जंगल ठेकेदाराचा मुनीम मजुरांच्या पोटावर पाय देऊन मग एकटाच बसून आपल्या मेलेल्या बैलाशी बोलतो, तो प्रवेश उतरवताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि शाई पसरली. मला स्वतःची लाज वाटली. असल्या माणसानं आपल्याला रडवावं, म्हणजे आपणही काही फार शहाणे नाही.

त्याच्या बदमाशांचा एक फायदा मात्र गावाला झाला. मंडईला मुलींचे बाप येतात, ते काही नुसते जिलेबी खायला येत नाहीत. पोरं पाहून ठेवतात. त्यामुळे बदमाशाचं काम करायला कोणी तयार व्हायचं नाही. मुलीच्या बापानं पोराला स्टेजवर दारू पिताना, बाईचा हात धरताना पाहिलं की संपलं. नाटक खोटं असतं हे त्यालाही कळतं, पण मनात बसतं ते बसतं. हिरोचं काम पाटलाच्या पोराकडे ठरलेलं. बदमाशासाठी शालिक सापडला. बाप नाही, बांधी गहाण, रंग काळा, वय तिशीकडे. त्याची आई म्हणाली, "करू द्या काम. तसंही कोण देऊन राहिलं त्याले पोरगी?"

शालिकनं घर पेटवणाऱ्या भावाचं काम केलं. दुसऱ्या दिवशी बाजारात तीन बापांनी त्याच्या आईला गाठलं. एकजण तर म्हणाला, "पोरगा मायेचा आहे. भावानं अन्याय केला म्हणून, नाहीतर असा नाही तो." पाटलाच्या हिरो पोराला त्या वर्षी कोणी विचारलं नाही. पाटील चार दिवस मास्तरशी बोलले नाहीत. शालिकचं लग्न माघात झालं, संसार चांगला चालला, आणि तो दरवर्षी बदमाश करत राहिला. मास्तर ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगायचा. लोक त्याला म्हणायचे, पुण्याचं काम केलं मास्तर. समोरच्या अंगणात भागरथाबाई सुपानं धान पाखडत असायच्या. सुपाचा आवाज तेवढा वाढायचा.

त्या कधीच नाटकाला गेल्या नाहीत. पण भोंगा चहूकडे ऐकू येतो. बारा वर्षांत त्यांनी अंगणात बसून सगळी नाटकं ऐकली, एकेका बदमाशाची कारणं ऐकली. मास्तर छपरीत बसायचा तो त्यांच्या दाराकडे पाठ करून. गल्ली त्यानं कधी ओलांडली नाही. एका वर्षी मात्र भंडाऱ्याहून येताना पाणी भरायचा, रुंद तोंडाचा पितळेचा गुंड घेऊन आला. चांगला जाड, ठोकीव. माझ्या हातात देऊन म्हणाला, "समोर नेऊन दे. मी देलो म्हणून नोको सांगू."

मी नेऊन दिला. भागरथाबाईंनी बोट वाकवून त्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला. "भंडाऱ्याचा आहे," म्हणाल्या. मग त्यात पाणी ओतून तो कोंबड्यांपुढे ठेवला. मास्तर त्या दिवशी तोंड वळवून छपरीतून सगळं पाहत होता. मी परत आलो तेव्हा तो मला म्हणाला, "लय चांगला प्रवेश आहे हा. पण माह्या नाटकात नाही बसत."

त्या दिवशी मी त्याला स्पष्ट विचारलं. म्हटलं, "मास्तर, तुझ्या नकला मी उतरवतो. बदमाशाची नक्कल चाळीस पानांची असते. ज्या बाईला तो रडवतो तिची दीड पानाची. ज्याचं वाटोळं झालं तो तुझ्या नाटकात कधी तोंडच उघडत नाही. असं का रे?"

तो म्हणाला, "तिनं तोंड उघडलं तर लोक त्याले बिचारा म्हणन काय?"

एवढं कळत होतं त्याला. मला वाटायचं, अडाणी असेल, आंधळा असेल. तसं काही नव्हतं. सगळं कळून चाललं होतं.

मग आलं ते शेवटचं वर्ष. नाटकातला बदमाश यंदा मास्तरच होता, नाव वेगळं. बायकोला घरी ठेवून परगावी जातो, तिकडे अडकतो, फसतो, आजारी पडतो, त्याला एक दुसरी बाई वाचवते. कारणं मी मोजली, सात होती. एकात काम झालं असतं, पण स्वतःची गोष्ट म्हणजे माणूस सढळ हातानं वाढतो. शेवटच्या प्रवेशात तो म्हातारा होऊन बायकोच्या दारात येतो, पाणी मागतो. ती त्याला तांब्या देते, पाया पडते आणि म्हणते, "आपण देवमाणूस आहात. दोष माझ्या नशिबाचा." पडदा.

हे वाक्य माझ्या हातानं उतरवताना मी निब मोडली. मुद्दाम नाही, पण मोडली.

बायकांच्या कामासाठी तोवर नागपूरहून नटी यायला लागल्या होत्या. यंदा कमलबाई नावाची आली. चाळिशीची, आवाज भरदार, चार जिल्हे फिरलेली. नटी दोन दिवस आधी यायची, गावातच कोणाच्या तरी घरी तिची सोय व्हायची. माझी बायको म्हणाली, "आपल्या घरी जागा नाही. समोर भागरथाबाईकडे झोपू द्या." आमच्या घरी तीन खोल्या रिकाम्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

कमलबाईनं छपरीत येऊन नक्कल हातात घेतली, उलटसुलट केली आणि मास्तरला विचारलं, "मास्तर, बाकी का पन्ना किधर है? इथं तर दीडच पान आहे."

"तेवढंच काम आहे तुमचं."

"चार अंकांत दीड पान? नवऱ्यानं टाकलं मला, अन् मी बोलत नाही काहीच? मुकी आहे का?"

"सोशीक आहे," मास्तर म्हणाला.

"अच्छा," असं म्हणून ती समोरच्या घरी गेली. दोन दिवस दोघी अंगणात दिसायच्या. एक धान वाळवायची, दुसरी शेजारी बसून केस विंचरायची. काय बोलायच्या ते ऐकू येत नव्हतं. मास्तर पाठ करून लिहीत बसायचा, पण त्या दोन दिवसांत त्याचा पेन फार चालला नाही.

आमचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडता उजाडता संपतं. प्रॉम्प्टर मास्तर स्वतः. स्टेजपुढच्या खड्ड्यात वही घेऊन बसायचा, डोकं तेवढं वर दिसायचं. चौथा अंक लागला तेव्हा पूर्वेकडे पांढुरकं झालं होतं. कमलबाईनं आग्रह करून भागरथाबाईंना आणलं होतं. बायकांच्या बाजूला, माझ्या बायकोजवळ, पदर तोंडावर घेऊन त्या बसल्या होत्या. सहा कारणं होऊन गेली होती आणि मांडवात हुंदके सुरू होते. सातव्याला शालिक काठी टेकत आला, दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी देतेस?"

कमलबाई तांब्या घेऊन पुढे आली. पाया पडायचं ते पडली नाही. तांब्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली. आणि नाटकाची शुद्ध भाषा सोडून, आमच्या गल्लीतल्या बोलीत, हळू आवाजात बोलली.

"पाणी देते. पण आंधी एक सांगा. मी पेटी भरून ठेवली होती. दोन लुगडी, आरसा, तुमच्यासाठी विणलेली बनियान. दीड वरीस दर बुधवारी मी डाकेच्या ओट्यावर जाऊन बसली. तुमाले नोको होती तं नोको होती. जबरदस्ती नाही. पण येत नाही म्हणून एक कारड काहून नाही टाकलं?"

हे वाक्य कोणाचं, हे आमच्या गावातल्या पोराटोरांनाही कळलं. मी मागे उभा होतो. बुधवार तर माझेही होते.

शालिक गोंधळला. त्याच्या नकलेत पुढे "तू क्षमा केलीस, मी धन्य झालो" असं होतं, ते इथं कसं म्हणणार? तो खड्ड्याकडे वाकला. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, पुढं काय बोलू?"

मास्तर वहीची पानं उलटत होता. पुढे, मागे, परत पुढे. त्यानं नाटकात चोर बोलते केले होते, खुनी बोलते केले होते. मुनिमाला तर मेलेल्या बैलाशी बोलायला लावलं होतं. शालिकनं पुन्हा विचारलं. तेव्हा खड्ड्यातून आवाज आला, "नाही लिवलं."

कमलबाईनं तांब्या स्टेजवर ठेवला आणि आत निघून गेली. पडदेवाल्यानं आपल्या अकलेनं पडदा पाडला. त्या वर्षी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कोणी डोळेही पुसले नाहीत. लोक गोधड्या गुंडाळून आपापल्या बंड्यांकडे गेले.

ऊन वर येईपर्यंत मास्तर छपरीत बसून होता. चहा निवून गेला. मग मला म्हणाला, "बाबू, एक कारड दे."

मी दिलं. म्हटलं, "त्यात तीन पानांचं भाषण मावत नाही, माहीत आहे ना?"

त्यानं बारीक अक्षरात कार्ड भरून काढलं. समासातही लिहिलं, पत्त्याच्या बाजूलाही घुसला. मग मला वाचून दाखवू लागला. आईचं आजारपण, बदलीची घाई, तिकडे आलेला ताप, परक्या गावात एकटं पडणं. आवाज असा लावला होता की तिसऱ्या कारणाला माझी मान हलायला लागली. तेवढ्यात आतून बायको बोलली. ती तांदूळ निवडत होती, तिनं वरही पाहिलं नाही.

"तिनं कारण नाही इचारलं."

मास्तर थांबला. कार्ड फाडून त्याचे चार तुकडे केले, ते कोटाच्या खिशात घातले. "दुसरं दे," म्हणाला. दुसऱ्यावर त्यानं फार वेळ काही लिहिलं नाही. मग एकदम दोन ओळी लिहिल्या, उलटून पत्ता लिहिला. सगळा पत्ता, गावासकट, पोस्टासकट. तीस पावलांवर बाई अंगण झाडत होती आणि हा तिचा पत्ता लिहीत होता. उठला, माझ्या ओट्यावरच्या लाल पेटीत कार्ड टाकलं. वही बगलेत मारली आणि निघाला. गल्ली ओलांडली नाही, कडेकडेनं गेला. जाताना पाणी मागितलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी पेटी उघडली, कार्डावर ठप्पा मारला. नियम तो नियम. मग समोर गेलो. म्हटलं, "वहिनी, कारड आलं."

झाडू खाली ठेवून त्यांनी हात पुसले. वाचता येत नव्हतं, तरी कार्ड हातात घेऊन दोन्हीकडून पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं. मी वाचलं. "मी येत नाही. तुझी काही चूक नव्हती. नीळकंठ."

"आखीन?"

"एवढंच आहे."

"परत वाचा."

मी परत वाचलं. सांगायला हरकत नाही, त्या माणसानं जन्मात लिहिलेलं हेच एक बरं लिहिणं. भागरथाबाईंनी कार्ड पदरात बांधलं आणि आत गेल्या. बिजागरी करकरल्याचा आवाज आला. पेटी ओढत त्यांनी अंगणात आणली. दोन लुगडी घडीवर विरली होती. आरसा काढून खुंटीला लावला. बनियान उलगडून पाहिली, कसर लागली होती, ती चुलीशी फडकं म्हणून टाकली. मग रिकामी पेटी उन्हात उपडी ठेवली. "यंदा बियाण्याचा धान ठेवाले डब्बा नव्हताच," म्हणाल्या.

त्यांच्या अंगणातून तलावाची पाळ दिसते. पाळीच्या त्या टोकाला बस थांबते. काळा कोट तिथं उभा होता, एकटाच, आणि बसचा अजून पत्ता नव्हता. ऊन चांगलंच तापलं होतं. भागरथाबाईंनी कपाळावर हात धरून तिकडे पाहिलं.

"पाणी पिऊन गेला का तो?"

"नाही."

"बरं झालं," असं म्हणून त्या धान पाखडायला बसल्या.

मी पाहत राहिलो. तो पाळ उतरून खाली गेला, वही दगडावर ठेवली आणि तलावात वाकून आपल्याच ओंजळीनं पाणी प्यायला. धोतराचं टोक पाण्यात भिजत होतं. नंतरच्या दिवाळीला तो आला नाही आणि मला पुन्हा कधी दिसलाही नाही. त्याला तसं पाणी पिताना पाहून माझ्या तोंडाशी एक शब्द आला होता, न्हाव्याकडे बसणाऱ्या लोकांचाच. भागरथाबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून गिळला.